अंगणवाडी आहे, मग लेकरू बांधावर का?

वाचकांचं पत्र

"ताई, मी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. पहिलीच वेळ. गावाची लोकसंख्या 3,400, अंगणवाड्या तीन, फाट्यावर एक खासगी नर्सरी. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया दिवस उगवायच्या आत निघतात. लहान लेकरं बांधावर झोळीत, नाहीतर मोठ्या बहिणीजवळ. मागच्या महिन्यात दोन वर्षांचं एक मूल शेततळ्याच्या काठापर्यंत गेलं, कुणाच्या तरी नजरेस पडलं म्हणून वाचलं. मासिक सभेत मी पाळणाघराचा विषय काढला. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, म्हणाले, गावातल्या 214 पैकी 209 मुलांची अंगणवाडीत नोंद आहे, म्हणजे जवळजवळ 98 टक्के, मग गरज कुठे आहे? सरपंच म्हणाले, सर्व्हे करा, मग बघू. मला सर्व्हे कसा करतात ते माहीत नाही. काय विचारायचं, किती घरं घ्यायची? आणि खरं सांगू का, भीती वाटते. उद्या पाळणाघर मिळालं आणि कुणी मूलच पाठवलं नाही, तर गाव मला हसेल."

उत्तर

ताई, त्या 98 टक्क्यांना घाबरू नका. मी सव्वीस वर्षं मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. असले टक्के मी स्वतःच्या हातांनी भरून वर पाठवले आहेत, त्यामुळे ते कसे तयार होतात ते मला ठाऊक आहे.

रजिस्टरात नाव असलं म्हणजे मूल अंगणवाडीत बसतं असं नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला तिथून टीएचआर मिळतो, म्हणजे घरी न्यायचा आहार. आई नाहीतर आजी येऊन पाकिटं घेऊन जाते. महिन्यातून एकदा वजन होतं, लसीकरणाच्या दिवशी मूल येतं. नोंद खरी, आहारही खरा. पण त्या लेकराला दिवसभर सांभाळायला तिथे कुणी नसतं, आणि सेविकेचं ते काम म्हणून कुठे लिहिलेलंही नाही. अंगणवाडीत बसतं ते तीन ते सहा वर्षांचं मूल, तेही दुपारपर्यंत. तुमच्या 214 मधली निम्मी म्हणजे शंभरेक लेकरं तीन वर्षांच्या आतली असणार. ती कागदावर अंगणवाडीत आहेत आणि प्रत्यक्षात झोळीत. शेततळ्याकडे गेलेलं ते पोर त्या 209 मध्येच निघेल, बघा विचारून.

मी योजनेला नावं ठेवत नाहीये. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली ती पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळेआधीची तयारी यांसाठी. त्यात तिने पुष्कळ केलं. आईचे मजुरीचे तास धरून मात्र ती कधी आखलीच नव्हती. तेव्हा भाऊसाहेब खोटं बोलत नाहीत. ते "सोय आहे का" याचं उत्तर देतात आणि तुम्ही विचारताय "सोय पुरते का". ही दोन उत्तरं दोन वेगवेगळ्या वह्यांत सापडतात. पहिली वही अंगणवाडीत आहे. दुसरी तुम्हाला तयार करायची आहे.

आता प्रश्न काय विचारायचे. त्याआधी माझी एक फजिती सांगते.

पारोळ्याकडच्या एका गावात आम्ही असाच सर्व्हे केला होता. घरोघर जाऊन विचारलं, "गावात पाळणाघर हवं का?" जवळजवळ सगळ्या जणी "हो" म्हणाल्या. का नाही म्हणतील? दारात आलेली सरकारी बाई फुकट काही देऊ म्हणतेय, त्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. एका संस्थेने पाळणाघर काढलं. खोली रंगवली, पाळणे टांगले, खेळणी आणली. महिन्याभराने गेले तर चार मुलं, चारही त्याच गल्लीतली. पाळणाघर उघडायचं दहाला आणि मजुरांची गाडी हलायची साडेसहाला. वेळ कुणी विचारलीच नव्हती, मीही नाही. गाव हसलं ते आईबापांना: "इतकं केलं तरी पाठवत नाहीत." आजही मला वाटतं, हसायला हवं होतं ते माझ्या प्रश्नाला.

म्हणून "हवं का" हा शब्द वहीत येऊ देऊ नका. कालचा दिवस विचारा. तुमच्याकडच्या बोलीत विचारा, "काल दिनभर पोऱ्या कोनजोडे व्हता?", म्हणजे काल दिवसभर मूल कुणाजवळ होतं, आणि मग सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत एकेक तास पुढे सरका. सहाला कुणाजवळ? सातला? आई निघाली तेव्हा? अंगणवाडी सुटल्यावर कुणी आणलं? दुपारी कुणी भरवलं? झोपलं कुठे?

वहीच्या पानावर एका लेकरामागे तेरा चौकोन आखा, तासाला एक. चौकोनात एकच अक्षर. आईजवळ असेल तर "आ", आजीजवळ "जी", मोठ्या भावंडाजवळ "भा", अंगणवाडीत "अं", शेजारणीकडे "शे", शेतात आईबरोबर "बां" म्हणजे बांधावर, आणि कुणाजवळच नसेल तर चौकोन रिकामा. लिहिता-वाचता येणारी बचत गटातली कुठलीही बाई हे भरू शकते. छापील फॉर्म नको. फॉर्म दिसला की लोक रेशनकार्ड काढायला धावतात.

दहा-बारा पानं भरली की तुम्हाला आपोआप दिसायला लागेल. वेचणीवर जाणारी बाई सातला निघून सहाला परतते. अकरा तास झाले. त्यातले अंगणवाडीचे फार तर चार. तीन वर्षांपुढच्या लेकराचेसुद्धा सात तास उरले, आणि तीनच्या आतल्याचे अकराच्या अकरा. ते कशाने भरलेत ते बघा. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे मूल पाजायला दर तासाला उठणारी बाई संध्याकाळी काट्यावर हलकी भरते. तोही प्रश्न विचारून घ्या: मूल बरोबर असलं की किती किलो होतं, नसलं की किती? "पाळणाघराला किती पैसे द्याल" हा प्रश्न बायांना लाजवतो. किलोचा हिशोब त्या चटकन सांगतात, आणि त्यातून त्यांना किती परवडेल ते तुम्हालाच कळतं.

सगळ्यात जास्त लक्ष "भा" या अक्षराकडे द्या. गावात पाळणाघर आहेच, ताई. ते नऊ-दहा वर्षांच्या पोरी चालवतात. आई सांगते, "मोठी पोर शे ना घरमा," आणि आपण लिहितो, "घरी सोय आहे." ती पोर कितवीत आहे ते विचारा. मग झेडपीच्या शाळेत गुरुजींकडे जा, तिसरी ते सातवीच्या मुलींची हजेरी बघा. आधी पावसाळ्यातला एखादा महिना, मग वेचणीचा ऐन महिना. दोन्ही पानं शेजारी ठेवा. गुरुजींना हे सगळं ठाऊक असतं, कुणी विचारत नाही इतकंच. या हजेरीचा पुरावा सर्व्हेच्या कुठल्याही टक्क्यापेक्षा भारी आहे, कारण ती तुम्ही लिहिलेली नाही आणि पाळणाघरासाठीही लिहिलेली नाही.

आजीचंही तसंच. "जी" दिसलं की खूश होऊ नका. आपल्याकडे पन्नाशीची आजी स्वतः वेचणीला जाते, आणि सत्तरीची असली तर रांगतं मूल तिच्याच्याने धरवत नाही. विचारा, काल आजी घरी होती का? एवढाच प्रश्न पुरतो. बाईला हे विचारताना सासू शेजारी बसलेली नसावी. सुनेने "सासू बघत नाही" म्हणायचं आणि सासूने ऐकायचं, तर तुमचा सर्व्हे राहील बाजूला आणि त्यांच्या घरी पंचायत बसेल.

किती घरं? तुमच्या गावात सहा वर्षांच्या आतलं मूल असलेली घरं दीडशेच्या आसपास असतील. सहा जणी जमवा, प्रत्येकीला पंचवीस, चार संध्याकाळी लागतील. सगळीच घरं करा, म्हणजे "आमच्या गल्लीत कुणी आलंच नाही" हा वाद उरणार नाही. माणसं कमी पडली तर आशाताईंच्या यादीवरून दर तिसरं घर घ्या, पण प्रत्येक वस्तीतलं घ्या. जिथे तुमची उठबस आहे तिथलीच घरं घेऊ नका. संध्याकाळी आठच्या पुढे जा, स्वयंपाक उरकल्यावर, किंवा बाजाराच्या दिवशी. दिवसा अकराला गेलात तर भेटतील त्या नेमक्या घरी असणाऱ्या बाया, आणि निकाल येईल, "बहुतेक आया घरीच असतात." असले सर्व्हे मी पाहिले आहेत. ते सरकारी वेळेत झालेले असतात.

आणि यादीत नसलेली घरं. चोपडा, यावल, रावेरच्या केळीच्या पट्ट्यात सातपुड्यातून आणि मध्य प्रदेशातून आलेली पावरा, बारेला ही आदिवासी कुटुंबं सालदार म्हणून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, मळ्यातच राहतात. गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर, विहिरीच्या शेजारी, खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांचं नाव मतदार यादीत इथे नसतं, बऱ्याचदा अंगणवाडीतही नसतं. तुमच्या 214 मध्ये ही लेकरं मोजलेलीच नाहीत असं मी धरून चालते. चूक असले तर बरंच. केळीचं काम बारमाही, त्यामुळे त्यांची गरजही बारमाही. आणि सगळ्यात एकटी पडलेली मुलं हीच, कारण शेजारीण नाही, आजी मागे गावाकडे, चारी बाजूंनी पाणी आणि फवारणीची औषधं. एक दिवस मोटारसायकलवर बसून मळे फिराच. बरोबर पावरी बोलणारं कुणीतरी न्या. तीन वर्षांचं मूल मराठी बोलत नाही म्हणून अंगणवाडीत गप्प बसतं आणि दुसऱ्या दिवशी येत नाही, हेही तिथेच कळेल.

ही तुमच्या भागाची गोष्ट झाली. गरज तालुक्यागणिक बदलते, म्हणून दुसऱ्या गावचा सर्व्हे उतरवून घेऊ नका. चाळीसगावकडची ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीनंतर गाव सोडतात. तिथे जानेवारीत सर्व्हे करणाऱ्याला गरज दिसतच नाही, कारण मुलं फडावर गेलेली. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर बाया देठं खुडायला बसतात, तिथे लेकरू शेजारी ठेवायची सोयच नाही, ठसक्याने जीव जातो. तुमच्याकडे दोनदा विचारा: एकदा वेचणीत, एकदा उन्हाळ्यात काम मंदावल्यावर. दोन वह्यांतला फरक तुम्हाला सांगेल की बारा महिन्यांचं पाळणाघर हवंय की चार महिन्यांचं.

गावात नोकरदार आईबापही असतील, शिक्षिका, बँकेतली, जळगावला अपडाऊन करणारी. त्यांची गरज खरी आहे पण वेगळी आहे. त्यांना इंग्रजी गाणी, व्हॅन, कॅमेरा हवा असतो आणि ते त्यासाठी पैसे मोजतात. फाट्यावरची नर्सरी त्यांच्यासाठी चालते, चालू दे. फक्त ग्रामसभेत त्यांचा आवाज मोठा असतो, त्यामुळे "पालकांचं म्हणणं" म्हणून त्यांचंच म्हणणं इतिवृत्तात उतरतं. तेवढं सांभाळा.

आता अंगणवाडीत जा. तपासणी करायला जाताय असं वाटू देऊ नका. सेविका मानधनावर आहे, मोबाइलवर पोषण ट्रॅकर ॲपमध्ये रोज नोंदी भरते, बैठकांना जाते, निवडणूक आली की याद्या घेऊन फिरते. तिला विचारा, मागच्या महिन्यात मुलं घेऊन बसता आलं असे दिवस किती? मदतनिसाची जागा भरलेली आहे का? पाणी, संडास, अंगणाला कुंपण आहे का ते तुम्हाला दिसेलच. मग शेवटी विचारा, मुलं का येत नाहीत असं तुला वाटतं? बहुतेक वेळा अख्ख्या सर्व्हेचं उत्तर तिच्याजवळ तयार असतं. एखादी वस्ती दुसऱ्या वस्तीतल्या अंगणवाडीत मूल पाठवत नाही, आहार शिजवणारी कोण यावरून घरं अडतात, हे ती तुम्हाला रजिस्टर मिटून सांगेल. ते वहीत लिहू नका, पण ध्यानात ठेवा. पाळणाघराची जागा ठरवताना उपयोगी पडतं.

एक आठवलं म्हणून सांगते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. बालवाडी थाटली तरी आदिवासी पाड्यांवरची मुलं तिथवर येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द असा अंगणातून आला आहे. आज त्याचा अर्थ अंगणवाडीची इमारत असा झालाय, आणि इमारत मंजूर झाली की काम झालं असं आपण समजतो.

वही भरल्यावर मोजायचं काय? टक्केवारीच्या मागे लागू नका. रिकामे चौकोन मोजा, "भा" मोजा, "बां" मोजा, आणि ते कुठल्या तासांना, कुठल्या वस्तीत, कुठल्या वयात गर्दी करतात ते बघा. कदाचित असंही निघेल की पाळणाघर नकोच आहे. एखाद्या गावात तीन ते सहाची मुलं फक्त सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास अधांतरी असतात, आणि अंगणवाडीची वेळ बदलून, मदतनिसाच्या जोडीला गटातल्या एका बाईला मानधन देऊन काम भागतं. असं निघालं तर तसं मान्य करा, आपला विषय पडला असं समजू नका. तीनच्या आतल्यांचं मात्र वेळ बदलून भागत नाही, त्यांना जागा आणि माणूसच लागतं. आणि अकरा लेकरं दिवसभर एकटी निघाली तर "अकराच तर आहेत" असं कुणी म्हटल्यावर तुम्ही गप्प बसू नका. शेततळ्याजवळ एकच गेलं होतं.

मागायचं कुठे तेही सांगते. आधी साधा हिशोब. ग्रामीण भागात 400 ते 800 लोकसंख्येला एक अंगणवाडी असा निकष आहे. 3,400 च्या गावाला चार तरी हव्यात, तुमच्याकडे तीन आहेत. हे भाऊसाहेबांना नम्रपणे विचारून बघा. एखादी वस्ती अशी असेल की तिथे सहा वर्षांच्या आतली किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश आहे. मळ्यांची वस्ती धरून आकडा भरतो का ते तुमच्या वहीत कळेल.

पाळणाघरासाठी केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये 2022 पासून "पाळणा" योजना आहे. त्यात अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवता येतं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या मार्फत. साडेसात तास म्हटल्यावर पुन्हा तुमचे अकरा तास काढा आणि अर्जातच लिहा की हे साडेसात तास सकाळी साडेसहापासून मोजावेत. नाहीतर माझ्या पारोळ्याची पुनरावृत्ती होईल.

मंजुरी यायची वाट बघण्यात एक हंगाम जाईल. तोवर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते मागच्या वर्षी कशावर गेले ते विचारा. भांडीवाटप किंवा हळदीकुंकवाच्या वाणावर गेले असतील तर यंदा समाजमंदिरात वेचणीच्या तीन-चार महिन्यांसाठी पाळणाघर चालवा. गटातल्या तीन बाया, तीन वर्षांच्या आतल्या सहा-सात लेकरांमागे एक, याहून जास्त नको. दाराला अडसर, चटया, दोन झोळ्या, पाण्याचा माठ उंचावर. चालवायला गावातलीच लेकुरवाळी, मूल जिच्याकडे आपणहून जातं अशी बाई घ्या. पदवी बघू नका. कारखान्याला कायद्याने पाळणाघर लावता येतं, बांधाला लावता येत नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या गळ्यात हे पडतं असं समजा.

हा विषय थेट ग्रामसभेत नेऊ नका. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, कायद्यातच आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. यंदा ती खरोखर घ्या, रात्री घ्या. तिथे वहीतली चार पानं वाचून दाखवा, नावं न घेता, फक्त अक्षरं: "आ, आ, भा, भा, भा, रिकामं, रिकामं." बायांना आपापलं पान ओळखू येतं. ठराव तिथे झाला की ग्रामसभेत तुम्ही एकट्या उभ्या राहणार नाही.

आणि हसण्याचं. पहिल्या आठवड्यात मुलं कमी येतील, धरून चाला. आपलं तान्हं परक्या खोलीत ठेवायला बाईला धीर लागतो. पहिले चार दिवस आयांनाच तासभर बसू द्या, कुणाला दुपारी येऊन पाजायचं असेल तर येऊ द्या. मुकादमाला आधीच गाठून ठेवा: गाडी समाजमंदिराच्या दारावरून न्यायची. लेकरू सोडायला बाईला उलटं गावात चालत यावं लागलं, तर ती येणार नाही आणि तिचं बरोबर असेल.

वही ग्रामपंचायतीत जमा करायला सांगतील. झेरॉक्स द्या, मूळ वही तुमच्याजवळ राहू द्या. उन्हाळ्यात पुन्हा लागणार आहे.